कुकम: टेम्सकाठच्या गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लाउ, मेडनहेड, रेडिंग या पट्ट्यात आता मराठी घरं पुष्कळ झाली आहेत. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आई-बाबा येतात, पहिल्या आठवड्यात लंडन आणि विंडसरचा किल्ला पाहून होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "आता इथलं एखादं खेडेगाव दाखव." अशा वेळी मी पाहुण्यांना कुकमला नेते. इतक्या जणांना नेलंय की त्यांचे प्रश्न मला पाठ झालेत. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी आवरत्या घ्यायला मन होत नाही.

कुकम कुठे आहे? नाव नेमकं कसं म्हणायचं?

इंग्लंडच्या बर्कशर परगण्यात, टेम्सच्या काठावर, मेडनहेडच्या उत्तरेला सुमारे ५ किलोमीटरवर. गावातला पूल ओलांडला की बकिंगहॅमशर सुरू होतं, म्हणजे नदी हीच शीव. स्पेलिंगच्या शेवटी 'हॅम' दिसत असलं तरी उच्चार 'कुकम', आणि शेवटचा स्वर अगदी पुसट.

जुन्या इंग्रजीत 'हॅम' म्हणजे वस्ती. पहिल्या अर्ध्या शब्दाचा अर्थ काहीजण 'स्वयंपाकी' असा लावतात, काहीजण 'टेकाड'. मला टेकाड पटतं. गावाच्या पश्चिमेला विंटर हिल नावाचा उंचवटा आहे, आणि आजूबाजूच्या सपाट, पाणथळ जमिनीत नजर आधी त्याच्याकडेच जाते.

हे खरंच खेडं आहे का? इथे शेतकरी तर दिसत नाहीत.

हा प्रश्न बहुतेक वेळा बाबा लोकांकडून येतो, आणि तो बरोबरच आहे. कुकमचे तीन भाग आहेत. नदीलगतचं मूळ गाव म्हणजे जेमतेम एक हाय स्ट्रीट. १८५४ साली रेल्वे आली ती गावापासून थोडी दूर, आणि स्टेशनच्या आसपास कुकम राइझ हा भाग वाढला. तिसरा भाग टेकडीवरचा कुकम डीन, एकेकाळी चेरीच्या बागांसाठी ओळखला जाणारा. तिन्ही मिळून २०११च्या जनगणनेत सुमारे ५,८०० माणसं होती.

इंग्लंडमध्ये खेडं कशाला म्हणायचं हे शेतीवर ठरत नाही. चर्च, मोकळी सार्वजनिक जमीन, पब, आणि स्वतःची पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपली ग्रामपंचायत. हे चारही कुकमला आहे. मात्र इथली बरीच माणसं सकाळी गाडी पकडून लंडनला किंवा रेडिंगला कामाला जातात, आणि घरांच्या किमती अशा आहेत की गावात वाढलेल्या तरुण मुलांना गावातच घर घेणं अवघड होऊन बसलंय. हे लपवण्यात अर्थ नाही. लाकडी तुळयांची, लाल विटांची ती देखणी घरं पाहताना हेही डोक्यात असू द्यावं.

एवढं जुनं गाव, लंडनच्या इतकं जवळ. मग त्याचं शहर का झालं नाही?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. उत्तर एका शब्दात द्यायचं तर पाणी, पण ते जरा उलगडून सांगायला हवं.

कुकमचं शहर होण्याची वेळ एकदा आली होती. १०८६ साली विल्यम राजाने केलेल्या डोम्सडे नोंदीत कुकम ही राजाची खास जहागीर आहे. तिथे गिरण्या आहेत, मासेमारीच्या जागा आहेत आणि एक नवा बाजारही भरतो आहे. बाजार म्हणजे पुढच्या शहराचं बी. पण तेराव्या शतकात खाली मेडनहेडला पूल झाला आणि लंडनहून बाथ आणि ब्रिस्टलकडे जाणारी वाहतूक तिकडे वळली. रस्त्याबरोबर सराया गेल्या, व्यापार गेला. गंमत म्हणजे मेडनहेडची निम्मी जमीन कुकमच्याच पॅरिशमध्ये मोडायची, उरलेली ब्रे गावाच्या. म्हणजे घरातल्या धाकट्यानेच पेठ वसवली आणि थोरला नदीकाठी राहिला.

दुसरं कारण जमिनीचं. मूळ गाव तिन्ही बाजूंनी ओल्या जमिनीने वेढलेलं आहे. हाय स्ट्रीट संपते तिथून कुकम मूर सुरू होतं. हे गावाचं गायरान. पलीकडे कॉक मार्श, तेही चराईचं कुरण. हिवाळ्यात दोन्हींवर पाणी येतं, त्यामुळे तिथे घर बांधायला कुणी धजावलं नाही.

तिसरं कारण माणसांचं. विसाव्या शतकात जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हा इथल्या लोकांनी वर्गणी काढून जहागिरीचे हक्क विकत घेतले आणि १९३४ साली मेडनहेड व कुकमची गायरानं नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू आणि मोकळ्या जमिनी जपणाऱ्या संस्थेच्या, हवाली केली. ट्रस्टकडे गेलेल्या जमिनीवर बांधकाम होत नाही. मूरवर उभं राहून गावाकडे पाहिलं की हाय स्ट्रीट जणू कुणीतरी दोरी लावून तिथेच थांबवली असावी असं दिसतं. ती दोरी पाण्याने आखली आणि माणसांनी जपली.

गाव किती जुनं आहे?

कॉक मार्शवर ब्रॉन्झयुगातल्या दफनांचे उंचवटे आहेत, म्हणजे इथे माणसाचा वावर हजारो वर्षांचा. सेंट ऑल्बन्सहून सिलचेस्टरला जाणारा रोमन रस्ता इथेच कुठेतरी टेम्स ओलांडत असावा असं मानतात.

पहिलं ठोस चित्र दिसतं ते नवव्या-दहाव्या शतकात. डेन्मार्कचे हल्लेखोर होड्या घेऊन टेम्सवरून आत शिरायचे. त्यांना अडवायला आल्फ्रेड राजाने आणि त्याच्या मुलाने 'बर' नावाच्या गढ्यांची साखळी उभारली. त्या गढ्यांची यादी 'बर्गल हायडेज' या कागदात टिकून आहे, आणि त्यातली 'शाफ्तेसेग' म्हणजे कुकमसमोरचं आजचं सॅशेस बेट. यादीत तिच्यापुढे १,००० हायड असा आकडा आहे. हायड हे जमिनीचं माप. एका हायडमागे एक माणूस द्यायचा आणि साडेपाच यार्ड तटाला चार माणसं लागायची, असा त्या काळचा हिशेब. म्हणजे हजार माणसं आणि साधारण सव्वा किलोमीटर तट. आज त्या बेटावर गवत आहे. तटाचा मागमूस नाही, पण हा हिशेब सांगितला की पाहुणे बेटाकडे पुन्हा एकदा वळून पाहतात.

दहाव्या शतकाच्या अखेरीस एथेलरेड राजाने आपली सल्लागार सभा, म्हणजे 'विटान', कुकमला भरवली होती. राजा आला, धर्मगुरू आले, सरदार आले. आज जिथे बदकांना पाव घालणारी मुलं असतात त्या काठावर.

राणीच्या मठाची गोष्ट खरी आहे की दंतकथा?

खरी आहे, आणि ती जमिनीच्या कागदांवरूनच सुरू होते, त्यामुळे मराठी माणसाला लगेच कळते.

आठव्या शतकात टेम्स ही मर्सिया आणि वेसेक्स या दोन राज्यांमधली सरहद्द होती. मर्सियाचा राजा एथेलबाल्ड याने कुकमचा मठ कँटरबरीच्या चर्चला दान दिला, सनदेसकट. पुढे तिथले आर्चबिशप वारले, आणि दोघांनी ती सनद चोरून वेसेक्सचा राजा किनेवुल्फ याला नेऊन दिली. कागद ज्याच्या हाती, जमीन त्याची. सातबारा पळवण्याचा हा प्रकार बाराशे वर्षांपूर्वीचा. त्यानंतर मर्सियाच्या ऑफा राजाने लढून कुकम घेतलं, आणि कँटरबरीचं चर्च आपल्या हक्कासाठी भांडत राहिलं.

ऑफा ७९६ साली वारला. त्याची विधवा राणी किनेथ्रिथ कुकमच्या मठाची प्रमुख झाली. ७९८ साली क्लोव्हेशोच्या धर्मसभेत तिने आर्चबिशप एथेलहर्ड यांच्याशी तडजोड केली: केंटमधली जमीन तिने त्यांना द्यायची आणि कुकम तिच्याकडे राहायचं. तो करार टिकून आहे, म्हणून आपल्याला हे सगळं कळतं.

किनेथ्रिथ साधी बाई नव्हती. अँग्लो-सॅक्सन राण्यांपैकी स्वतःच्या नावाची नाणी पाडलेली ती एकटीच ठाऊक आहे. ऑफाच्या माघारी तिने सरहद्दीवरचा, नदीवर नजर ठेवणारा हा मठ सोडला नाही, यात मला तिचं राजकारण दिसतं. कुकम हातात असलं की टेम्सवरची ये-जा हातात.

इतकं सगळं कागदावर असूनही मठ नेमका कुठे होता ते शतकानुशतकं कुणाला सांगता येत नव्हतं. २०२१च्या उन्हाळ्यात रेडिंग विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन चर्चशेजारच्या मोकळ्या जागेत खणलं, आणि लाकडी इमारतींच्या खुणा निघाल्या. स्वयंपाकाची नि जेवणाची मातीची भांडी निघाली, अन्नाचे अवशेष निघाले, एक नाजूक ब्रॉन्झची बांगडी आणि कपड्याला लावायची टाचणी निघाली, बहुधा एखाद्या बाईची. ती बांगडी राणीची होती असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण मठात राहणाऱ्या कुणा एकीच्या मनगटावर ती होती, आणि ती त्याच मातीत पडून राहिली, एवढंही मला पुरे वाटतं.

चर्चमध्ये आत जाता येतं का?

येतं. दिवसा दार बहुधा उघडं असतं. प्रार्थना किंवा लग्न चालू असेल तर थांबावं. होली ट्रिनिटी चर्चचा जुना भाग बाराव्या शतकातला, भिंती गारगोटीच्या आणि चुनखडीच्या. मनोरा त्यानंतर साडेतीनशेएक वर्षांनी झाला. मनोऱ्यावर घड्याळही आहे आणि सूर्यघडीही. दोन्ही एकाच मनोऱ्यावर असणं इंग्लंडमध्ये दुर्मीळ. उन्हाच्या दिवशी दोन्हींच्या वेळा ताडून पाहणं हा मुलांसाठी चांगला उद्योग आहे. मात्र उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, हे त्यांना आधी सांगा.

बाराव्या शतकात या चर्चला लागून एक विरक्त बाई कोठडीत राहायची. अशा बायका स्वतःला कायमचं कोंडून घेत आणि उरलेलं आयुष्य प्रार्थनेत घालवत. तिच्या पोटापाण्याचा खर्च हेन्री दुसरा हा राजा देई.

चर्चच्या अंगणातून टेम्स पाथ ही नदीकाठची लांब पायवाट जाते. त्यामुळे पाठीवर बोचकी घेतलेले चालणारे लोक थडग्यांमधून जाताना दिसतात. त्यात अनादर नाही, वाटच तशी आहे.

नदी इथे इतक्या फाट्यांमध्ये का दिसते? खरी टेम्स कोणती?

सगळ्याच खऱ्या. कुकमपाशी नदी फुटते आणि मध्ये सॅशेस, ऑडनी आणि फॉर्मोसा अशी बेटं तयार होतात. पूर्वी होड्या हेडसर वॉटर या मोठ्या वळणावरून जायच्या. ती वाट अवघड होती, म्हणून १८३० साली सरळ कालवा खणून त्यावर कुकम लॉक बांधलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि पातळी जुळली की पुढचा दरवाजा उघडायचा. पाहुण्यांना हे तासन्‌तास पाहायला आवडतं.

नव्या कालव्याने हेडसरचे जहागीरदार लॉर्ड बॉस्टन यांचा धक्का ओस पडला. ते भरपाईसाठी कोर्टात गेले. नदीचा प्रवाह थोडा सरकला तरी कुणाची तरी भाकरी हलते.

ऑडनी बेटावर एका मोठ्या दुकानसाखळीच्या मालकाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९२० च्या दशकात विश्रामस्थान उभारलं. ते आजही चालू आहे, पण ते खासगी आहे.

पाण्यात पोहता येतं का?

ऑडनीच्या बाजूला स्थानिक लोक उन्हाळ्यात उतरतात. मी पाहुण्यांना उतरू देत नाही. बंधाऱ्यांखाली ओढ जबरदस्त असते, पाणी जुलैतही अंग कापणारं थंड असतं, आणि वरून शांत दिसणाऱ्या टेम्सने पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही फसवलं आहे. पाय बुडवून काठावर बसण्यात पुरेसा आनंद आहे.

हंस मोजायला राजाची माणसं येतात म्हणे?

येतात, दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. या विधीला 'स्वान अपिंग' म्हणतात.

आधी एक खुलासा. आपण ज्याला राजहंस म्हणतो तो बहुधा हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनी-जायकवाडीकडे येणारा, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पक्षी. टेम्सवरचा हा हंस वेगळा: पूर्ण पांढरा, मानेचा झोकदार बाक, चोच नारिंगी. चित्रातल्या सरस्वतीजवळ बसलेला दिसतो तो असा.

मध्ययुगात हंसाचं मांस मेजवानीत वाढत, म्हणून हंस ही मालमत्ता होती. खुल्या पाण्यावरचे खूण नसलेले हंस राजाचे, असा हक्क राजघराण्याने सांगितला. पंधराव्या शतकात लंडनच्या दोन व्यापारी संघांना, द्राक्षमद्य विकणाऱ्या व्हिंटनर्सना आणि रंगाऱ्यांच्या डायर्सना, टेम्सवर हंस बाळगायची परवानगी मिळाली. मग कोणता हंस कुणाचा हे ठरवायला दरवर्षी पिल्लं धरायची. व्हिंटनर्स चोचीवर दोन खाचा करत, डायर्स एक, राजाच्या हंसाला खूण नाही. पिल्लू कुणाचं? ज्याच्या आईबापांचं त्याचं.

आज हंस कुणी खात नाही आणि खाचाही करत नाहीत. पण होड्या तशाच येतात. गणवेशातले वल्हेकरी सनबरीपासून अॅबिंग्डनपर्यंत पाच दिवस नदी चढत जातात. हंसाचं कुटुंब दिसलं की "ऑल अप!" अशी आरोळी होते आणि होड्या त्यांना अलगद घेरतात. पिल्लांचं वजन करतात, माप घेतात, गळाची तार किंवा हूक कुठे अडकलाय का ते पाहतात, पायात कडी घालतात आणि परत सोडतात. मालकी हक्काचा जुना सोहळा आता पक्ष्यांची तपासणी झाला आहे. हा बदल मला फार चांगला वाटतो.

कुकमचा या विधीशी खास संबंध आहे. पुलाजवळ टर्क घराण्याचा होड्या बांधायचा कारखाना होता, आणि १९२२पासून १९९२पर्यंत राजघराण्याच्या हंसांची जबाबदारी याच घराकडे होती, आधी फ्रेडरिक टर्क आणि मग जॉन टर्क. सत्तर वर्षं राजाचे हंस कुकमच्या घरात सांभाळले गेले.

स्टॅनली स्पेन्सर कोण? सगळीकडे त्यांचंच नाव का?

कारण त्यांच्यासारखं आपल्या गावावर प्रेम केलेला दुसरा चित्रकार मला माहीत नाही.

स्पेन्सर यांचा जन्म ३० जून १८९१ रोजी हाय स्ट्रीटवरच्या 'फर्नली' या घरात झाला. ते घर त्यांच्या आजोबांनी बांधलं होतं. ते गावातले बांधकामवाले. वडील संगीत शिकवायचे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. घरात मुलं पुष्कळ, धाकटा भाऊ गिल्बर्ट हाही पुढे चित्रकार झाला. स्टॅनली १९०८पासून चार वर्षं लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकले, पण मुक्काम हलवला नाही. रोज गाडीने जायचे आणि संध्याकाळी परत. सहाध्यायी त्यांना 'कुकम' याच नावाने हाक मारू लागले.

बायबलातल्या गोष्टी लहानपणी ऐकताना त्यांना त्या याच गल्लीत घडताना दिसायच्या. मोठेपणी त्यांनी त्या तशाच रंगवल्या. येशू क्रूस घेऊन जातो तो हाय स्ट्रीटवरून. 'पुनरुत्थान, कुकम' हे त्यांचं १९२४ ते १९२७मधलं चित्र ९ फूट उंच, १८ फूट लांब आहे. त्यात अखेरच्या दिवशी माणसं थडग्यांमधून उठतात, आणि ते अंगण म्हणजे मघाशी सांगितलेलं होली ट्रिनिटीचं. कुणी अंग झटकतंय, कुणी फुलाचा वास घेतंय, कुणी शिळेला टेकून आरामात उभं आहे. भीती कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. मागे नदीवरून सहलीची होडी चालली आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे ते आहे. पंढरीची वाट न धरता शेतातल्या कांदा-मुळ्यात विठाई पाहणारे सावता माळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना स्पेन्सर समजायला वेळ लागत नाही. कुकमला ते स्वर्गातलं गाव म्हणायचे, आणि ते शब्दशः.

आयुष्य मात्र सोपं गेलं नाही. 'कुकममधली हंसगणना' हे चित्र त्यांनी १९१५ साली सुरू केलं. टर्क यांचा कारखाना, बांधलेले हंस खांद्यावर घेऊन निघालेले गडी, वर पूल. वरचा भाग झाला आणि ते युद्धात गेले, आधी ब्रिस्टलच्या इस्पितळात रुग्णसेवक, मग मॅसेडोनियाच्या आघाडीवर. भाऊ सिडनी १९१८ साली युद्धात मारला गेला. १९१९मध्ये त्यांनी घरी थांबून राहिलेलं तेच चित्र पुरं केलं. त्यात युद्ध कुठेच नाही. पण हे माहीत झाल्यावर खालच्या काळ्या पाण्याकडे पाहताना मला दरवेळी गलबलतं.

पुढे चित्रकार हिल्डा कार्लाइन यांच्याशी लग्न, १९३७ साली घटस्फोट, लगेच पॅट्रिशिया प्रीस यांच्याशी दुसरं लग्न, आणि त्यात राहतं घरही हातातून गेलं. ते कुकम सोडून गेले. पण दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी परतले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. म्हातारपणी ते रंग, कॅनव्हास आणि छत्री एका जुन्या बाबागाडीत घालून गावभर ढकलत न्यायचे. चर्चच्या अंगणात चित्र काढताना लोक बोलायला थांबत, म्हणून त्यांनी नम्र शब्दांत एक पाटीच लावली होती: काम पुरं करायचंय, कृपया लक्ष विचलित करू नका. १९५९च्या जुलैत त्यांना 'सर' किताब मिळाला आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला ते गेले.

त्यांची चित्रं गावात पाहायला मिळतात का?

हो. हाय स्ट्रीटच्या टोकाला जुनी मेथडिस्ट प्रार्थनाशाळा आहे. लहानपणी आईबरोबर स्पेन्सर तिथे जायचे. १९६२पासून तिथेच स्टॅनली स्पेन्सर गॅलरी आहे. एकच दालन आणि वर गॅलरी, एवढीशी जागा, आणि ती गावातले स्वयंसेवक चालवतात. बाबागाडी तिथे ठेवलेली आहे. नौकांच्या शर्यतीत प्रवचन करणाऱ्या येशूचं प्रचंड चित्रही. ते त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं. रंगवलेल्या भागाशेजारी पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत, त्यामुळे त्यांचा हात कसा चालायचा ते दिसतं. माझ्या मते गावात पाहण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच. हिवाळ्यात सगळे दिवस उघडी नसते, वेळ पाहून जा.

रस्त्याच्या कोपऱ्यावरचा तो धोंडा कसला?

टॅरी स्टोन. १५०७च्या आधी याच्याजवळ गावाचे खेळ भरत. उल्का असल्याचंही लोक सांगतात, पण तो वालुकाश्माचा आहे. मूळ जागेवरून हलवलेला आहे. मुलांना त्यावर बसवून फोटो काढायचा सगळ्यांना मोह होतो.

'द विंड इन द विलोज' या पुस्तकाचा इथे काही संबंध आहे का?

आहे. नदीकाठच्या प्राण्यांची ही मुलांसाठीची प्रसिद्ध इंग्रजी गोष्ट. तिचे लेखक केनेथ ग्रॅहम यांची आई ते पाच वर्षांचे असताना वारली आणि ते कुकम डीनला आजीच्या घरी आले. नदी आणि होडी त्यांना इथे भेटली. बँक ऑफ इंग्लंडमध्ये मोठ्या हुद्द्यावर चढल्यावर १९०६ साली ते कुटुंबासह पुन्हा कुकम डीनला राहायला आले आणि १९०८मध्ये पुस्तक आलं. जवळचं क्वारी वूड हे त्यातल्या रानाचं मूळ मानतात.

पूल किती जुना?

१८४० साली लाकडी पूल झाला, आत्ताचा लोखंडी १८६७चा. १९४७पर्यंत त्यावर टोल होता. अरुंद असल्याने आजही सिग्नलवर एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. रांगेत चिडू नका, खाली नदी पाहा.

पूर येतो का?

येतो. २०१४च्या फेब्रुवारीत मूरवरचा गावात येणारा रस्ता पाण्याखाली गेला होता. मूरवर रस्त्याच्या बाजूने एक उंच उचललेली पायवाट दिसते. पाहुणे विचारतात, सपाट मैदानात ही एवढी उंच कशाला? पुरातही माणसाला पायी गावाबाहेर पडता यावं म्हणून. नदीकाठच्या जुन्या घरांच्या दारांना आडव्या फळ्या बसवायच्या खाचा असतात, त्याही बघा. कोकणात वाशिष्ठीकाठी, किंवा कृष्णाकाठी सांगली-कोल्हापुरात ज्यांचं घर आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. सांगलीच्या एका काकूंनी त्या खाचांवरून हात फिरवला आणि काही न बोलता पुढे गेल्या.

खायला काय मिळतं? शाकाहारी चालतं का?

हाय स्ट्रीटवर पब आहेत, चहाची ठिकाणं आहेत, भारतीय जेवणही मिळतं. पबमध्ये आता शाकाहारी पदार्थ असतातच. '१४१७' हे साल सांगणारी एक जुनी सराईही आहे, आत वाकून शिरावं लागतं इतक्या बुटक्या तुळया. पण हवा चांगली असेल तर मूरवर चटई टाकून घरून नेलेला डबा खाण्यासारखं सुख नाही. कचरा परत आणा आणि गायी चरत असतील तर लांब बसा.

आई-बाबांना घेऊन दिवस कसा आखावा?

मे ते सप्टेंबर उत्तम. हंस पाहायचे असतील तर जुलैची तारीख आधी बघून ठेवा. लंडनहून एलिझाबेथ लाइनने मेडनहेड, तिथून मार्लोकडे जाणारी छोटी डिझेल गाडी. स्टेशनवरून मूर ओलांडून चालत हाय स्ट्रीटला या, म्हणजे गाव समोरून उघडत जातं. आधी गॅलरी, मग हाय स्ट्रीट, चर्चचं अंगण आणि त्याच्या मागे नदी. गुडघे दुखणाऱ्यांनी इथेच बाकावर बसावं, पाहण्यासारखं भरपूर आहे.

ज्यांना चालवतं त्यांनी काठाने डावीकडे निघावं. कॉक मार्शच्या कुरणातून वाट सपाट आहे, पावसानंतर चिखल असतो. सव्वा-दीड तासात आरामात बोर्न एंडच्या रेल्वे पुलाशी पोहोचता. पुलाला पादचाऱ्यांसाठी कडेने वाट आहे, पलीकडेच स्टेशन. मेडनहेडला परतणारी गाडी साधारण तासाला एक असते, तेव्हा वेळापत्रक पाहूनच चर्चच्या अंगणातून निघा.